दाते कोणाकडे पाहतात? घडीच्या करवतीचा इतिहास

१/ गेल्या हिवाळ्यात सह्याद्रीतील एका वाडीच्या पाऊलवाटेवर वाळलेले झाड आडवे पडले होते. गावकऱ्यांसोबत आम्ही वाट मोकळी करत होतो. मित्राच्या पाठपिशवीत घडीची करवत होती. मी ती फांदीवर ठेवली आणि घरातील करवतीप्रमाणे जोराने पुढे रेटली. पाते कमानीसारखे वाकले. ते पुन्हा पूर्ण सरळ झाले नाही.

२/ शेजारी उभे असलेले वाडीतील वृद्ध सुतार रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "दातं कुणाकडं तोंड करून हायेत, ते आधी बघावं पोरा." पाहिले, तर दाते मुठीकडे, म्हणजे माझ्याकडेच वळलेले होते. ही करवत ढकलायची नव्हती, ओढायची होती. आजचा थ्रेड त्यांच्या या एका वाक्याचा इतिहास आहे.

३/ प्रथम एक प्रयोग. कागदाची लांब पट्टी घ्या. दोन्ही टोके धरून ओढा. पट्टी ताठ राहते. आता तीच टोके एकमेकांकडे ढकला. पट्टी लगेच बाक घेते. पातळ वस्तू ताण सहज सोसते, दाबाखाली मात्र वाकते. करवतीचा जवळजवळ सगळा इतिहास या दोन शब्दांत मावतो: ताण आणि दाब.

४/ प्राचीन इजिप्तच्या सुतारांपुढे हाच प्रश्न होता. त्यांची करवत तांब्याची असे आणि तांबे मऊ. अशी करवत लाकडात ढकलली, तर पाते दुमडणार. म्हणून त्यांनी दाते मुठीकडे वळवले आणि करवत ओढायला आरंभ केला. धातू दुबळा होता. त्याची उणीव त्यांनी हालचालीची दिशा बदलून भरून काढली.

५/ याचे देखणे चित्र मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात मिळाले. काळ सुमारे इ.स.पू. २०००. १९२० साली उत्खननात तेथे लाकडी छोट्या प्रतिकृती सापडल्या. त्यांत एक सुतारशाळाही आहे. तेथे लाकडाचा ओंडका खांबाला उभा बांधलेला आहे आणि करवत्या तो कापत आहे. लाकूड असे जखडून ठेवले की दोन्ही हात ओढण्यासाठी मोकळे राहतात.

६/ रोमन लोकांकडे लोखंड होते, तरी पातळ पात्याचा प्रश्न सुटला नव्हता. त्यांनी निराळा उपाय योजला. पाते लाकडी चौकटीत बसवायचे आणि पीळ दिलेल्या दोरीने ताणून धरायचे. आता करवत कोणत्याही दिशेने चालवा, पाते सतत ताणातच राहते. लोखंडी कामाच्या दुकानात मिळणारी चौकटीची हॅकसॉ याच कल्पनेची वारस आहे.

७/ इ.स.च्या पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने एक बारकावा नोंदवून ठेवला. ओले लाकूड करवतीला हट्टाने अडवते, भुसा दात्यांमध्ये भरून बसतो. म्हणून दाते आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे वाकवतात. त्यामुळे खाच पात्याहून किंचित रुंद होते, भुसा बाहेर पडतो आणि पाते अडकत नाही. आजही बहुतेक करवतींमध्ये ही युक्ती दिसते.

८/ मग आपल्या घरातील करवत ढकलायची कशी झाली? युरोपात पोलाद सुधारत गेले. १७४० च्या दशकात शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवलेल्या पोलादाची पद्धत सिद्ध केली. एकजिनसी, चिवट पोलादाचे रुंद व जाड पाते दाब सोसू शकते. चौकटीची गरज उरली नाही आणि शरीराचा भार पुढे टाकून कापता येऊ लागले. किंमत एकच मोजावी लागली: जाड पाते, रुंद खाच, अधिक श्रम.

९/ जपानने ओढण्याची वाट सोडली नाही. तेथे पूर्वी फळ्या कापत नसत. सरळ रेषांचे लाकूड निवडून पाचरी ठोकून ते उभे चिरत. १४व्या-१५व्या शतकांच्या सुमारास चीनकडून दोन माणसांनी चालवायची 'ओगा' ही चौकटीची मोठी करवत आली. त्यामुळे पाचरीने नीट न चिरणारे लाकूडही फळ्यांसाठी वापरता येऊ लागले. पुढे एका माणसाने ओढायची, अतिशय रुंद पात्याची करवत प्रचारात आली.

१०/ ही रुंद करवत पाहायची असेल, तर होकुसाईच्या फुजी पर्वतावरील प्रसिद्ध चित्रमालिकेतील तोतोमी प्रांताचे चित्र शोधा. ते १८३० च्या दशकाच्या आरंभीचे आहे. टेकू देऊन तिरपा उभारलेला प्रचंड ओंडका. एक करवत्या वर, दुसरा खाली. आणि एका बाजूला आणखी एक माणूस करवतीला धार लावत बसलेला. या तिसऱ्या माणसाला लक्षात ठेवा. शेवटी तो परत येणार आहे.

११/ जपानी अवजारांचे एक मोठे केंद्र म्हणजे ह्योगो प्रांतातील मिकी. किल्ल्यांच्या इतिहासात रमणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेल. १५७८ ते १५८० या काळात हिदेयोशीने मिकीच्या किल्ल्याला वेढा घालून, रसद तोडून तो उपासमारीने घेतला. उद्ध्वस्त नगर पुन्हा उभारण्यासाठी सुतार व लोहार तेथे जमले आणि अवजारांचा व्यवसाय रुजला, असे मिकीची परंपरा सांगते.

१२/ आता घडीकडे येऊ. घडीची करवत म्हणजे खिळीवर फिरून मुठीत शिरणारे पाते. ओढताना पाते आणि मूठ एका रेषेत ताणली जातात. ढकलताना मात्र ती खिळीपाशीच दुमडू पाहतात. म्हणून घडी आणि ओढ यांची जोडी जमते. काही युरोपीय घडीच्या करवती दोन्ही दिशांनी कापतात. त्यासाठी पाते तेवढे भक्कम ठेवावे लागते.

१३/ दुमडणाऱ्या करवतीची दुसरी वंशावळ मात्र रानातून आलेली नाही. ती प्रसूतिगृहातून आली. १८व्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या वैद्यांनी दात्यांची बारीक साखळी वापरात आणली. अडलेल्या प्रसूतीत ओटीपोटाच्या पुढच्या सांध्याचा छेद घेण्यासाठी आणि रोगग्रस्त हाड काढण्यासाठी ती योजलेली होती. ताठ करवत जेथे शिरूच शकत नाही, तेथे ही साखळी हाडामागून ओवता येई. भूल देण्याचे शास्त्र तेव्हा जन्मलेले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे अंगावर काटा येतो.

१४/ १८९४ मध्ये इटालियन प्रसूतितज्ज्ञ लिओनार्दो जिल्यी याने साखळीच्या जागी दातेरी तार आणली. दोन टोकांना दोन मुठी, आळीपाळीने ओढायचे. शस्त्रक्रियेत ती आजही 'जिल्यी करवत' याच नावाने ओळखली जाते. गिर्यारोहकांच्या आणीबाणीच्या डबीत मिळणारी तारेची करवत तिचीच बहीण होय. तार ढकलता येणे शक्यच नाही. ओढण्याचे तत्त्व येथे शेवटच्या टोकाला पोहोचते.

१५/ मग युद्धे आली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात पात्याचे तुकडे खिळ्यांनी सांधून केलेली, पिशवीत गुंडाळून ठेवता येणारी करवत होती. दुसऱ्या महायुद्धात एमआय-९ या ब्रिटिश खात्याने शत्रूच्या हाती सापडलेल्या सैनिकांना निसटता यावे म्हणून तारेची करवत चक्क बुटाच्या नाडीत लपवली. मातेच्या सुटकेसाठी सुरू झालेली वंशावळ कैद्याच्या सुटकेपर्यंत येऊन पोहोचली.

१६/ हौशी वनभ्रमंतीत मात्र प्रदीर्घ काळ राज्य होते कुऱ्हाडीचे. अमेरिकेत 'नेसमक' या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्सचे 'वुडक्राफ्ट' १८८४ साली आले, होरेस केफार्टचा ग्रंथ १९०६ साली. दोघांच्याही जगात छोटी कुऱ्हाड ही अत्यावश्यक वस्तू. पुढे याच केफार्टने लाकूडतोड कंपन्यांनी ग्रेट स्मोकी पर्वत उजाड होताना पाहिला आणि तेथे राष्ट्रीय उद्यान व्हावे म्हणून लेखणी झिजवली. १९३१ मध्ये तो वारला. उद्यान १९३४ मध्ये स्थापन झाले.

१७/ उभे झाड तोडणे जेथे निषिद्ध, तेथे उरते पडलेले वाळके लाकूड. मनगटाएवढी फांदी कापायला घडीची करवत पुरेशी असते. ती हलकी आहे, आवाज कमी करते आणि थकलेल्या हातात कुऱ्हाडीइतकी घातक ठरत नाही. कुऱ्हाडीचा चुकलेला घाव पायावर येतो. करवत चुकली तर सहसा खाच वाकडी जाते. तरीही दुसरा हात दात्यांच्या वाटेत नको आणि पात्याची कळ नीट बसली आहे ना, हे आधी तपासावे.

१८/ ताण आणि दाब फांदीतही असतात. फांदी दोन्ही टोकांना टेकलेली असेल, तर तिची वरची बाजू दाबात असते. वरून कापत गेलात की खाच मिटते आणि पाते आवळले जाते. अशा वेळी वरून थोडे कापून उरलेले खालून कापावे. एकच टोक टेकलेले आणि दुसरे अधांतरी असेल, तर उलट करावे: आधी खालून थोडे, मग वरून. ओढताना हलका जोर, परत नेताना जोर मुळीच नाही.

१९/ आता तो तिसरा माणूस. हल्लीच्या अनेक घडीच्या करवतींच्या दात्यांची टोके विजेच्या साहाय्याने क्षणभर तापवून अतिशय कठीण केलेली असतात. धार दीर्घकाळ टिकते, पण साधी कानस तिच्यावर चालत नाही. पाते बोथट झाले की नवे बसवायचे. होकुसाईच्या चित्रातील धार लावणाऱ्याचे काम या करवतीपुरते संपले. जपानमध्ये करवतीला धार लावणे हा स्वतंत्र व्यवसाय होता; बदलत्या पात्यांनी तो ओसरला.

२०/ आपल्याकडे ही करवत आज घरपोच येते, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात झाड तोडणे हा गुन्हा आहे. अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे निर्बंध त्याहून कडक आहेत. पिशवीत करवत आहे म्हणून रानावर आपला हक्क निर्माण होत नाही. वाट मोकळी करायची तर ती तेथील लोकांना व वनरक्षकांना विचारून करावी. गडावर तर करवत बाहेरच काढू नये.

२१/ त्या दिवशी सुतारबाबांनी उरलेली फांदी त्याच वाकलेल्या पात्याने कापून दिली. हळूहळू, केवळ ओढत. जपानी करवत त्यांनी पूर्वी कधी हाती धरली नव्हती. दाते पाहिले आणि दिशा ओळखली, एवढेच. मेकेत्रेच्या सुतारशाळेतील करवत्यालाही ती ओळखायला वेळ लागला नसता. मित्राला मी नवे पाते आणून दिले. जुने माझ्या टेबलावर आहे, किंचित बाक घेतलेले. कोणतेही जुने अवजार हाती आले की आता मी प्रथम त्याचे दाते कोणाकडे पाहतात ते पाहतो.

(थ्रेड समाप्त. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांची करवत असेल, तर तिचे दाते कोणत्या दिशेला आहेत, ते खाली अवश्य लिहा.)