तिरंगी चेंडूचीं नऊ वर्षें

इतिहास हा विजयी पक्षाच्या दप्तरावरून लिहिला जातो, अशी तक्रार आपण पुष्कळदां ऐकतों. राज्यांच्या इतिहासाविषयीं ती जितकी खरी, तितकीच खेळांच्या इतिहासाविषयींही खरी आहे. जो संघ जिंकला त्याचें नांव ढालीवर कोरलें जातें. जी संस्था टिकली तिचे अहवाल कपाटांत राहतात. आणि जी बुडाली तिच्या वह्या रद्दीच्या भावानें जातात. आज, श्रोतेहो, अशाच एका बुडालेल्या संस्थेची हकीकत मी आपणांस सांगणार आहें. तिचें नांव अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन. १९६७ मध्यें ती जन्मास आली आणि १९७६ मध्यें नाहींशी झाली. अवघें नऊ वर्षांचें आयुष्य. परंतु आज व्यावसायिक बास्केटबॉलचा कोणताही मोठा सामना पाहिला, तरी त्या नऊ वर्षांची खूण मैदानावर आंखलेली दिसते. हें कसें घडलें, आणि ज्यांच्या हातून घडलें त्यांच्या पदरीं काय पडलें, या दोन प्रश्नांचा आज आपण विचार करूं.

बास्केटबॉल हा शतकानुशतकें आपोआप वाढत आलेला खेळ नव्हे; तो एका माणसानें योजून काढलेला खेळ आहे. १८९१ च्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि विद्यार्थ्यांना त्यांत चेंडू टाकावयास सांगितलें. पुढें या खेळाचे धंदेवाईक संघ निघाले, त्यांच्या संघटना निघाल्या आणि मोडल्या. आणि १९४९ सालीं दोन प्रतिस्पर्धी संघटनांच्या एकीकरणांतून नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन उभी राहिली. सोयीसाठीं आपण हिला ‘जुनी संस्था’ म्हणूं. १९६६-६७ च्या हंगामांत या जुन्या संस्थेंत दहाच संघ होते. एवढ्या विस्तीर्ण देशांत दहा संघ! कित्येक मोठ्या शहरांत पैसेवाले लोक संघ काढण्यास उत्सुक होते, पण दार उघडत नव्हतें. त्याच सुमारास अमेरिकन फुटबॉलमध्यें एक नवी संघटना जुनीशीं स्पर्धा करून १९६६ मध्यें तिच्याशीं एकीकरणाचा करार करण्यांत यशस्वी झाली होती. तें उदाहरण पाहून कांहीं धाडसी गृहस्थांनीं विचार केला कीं, दार उघडत नसेल तर शेजारींच दुसरें घर बांधावें, म्हणजे आज ना उद्यां मधली भिंत पाडावीच लागेल.

या नव्या घराचे पहिले कारभारी म्हणून जॉर्ज मायकन यांची नेमणूक झाली. सहा फूट दहा इंच उंचीचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे मायकन हे आपल्या काळचे सर्वश्रेष्ठ खेळाडू होते. जुन्या संस्थेचीं पांच अजिंक्यपदें त्यांच्या मिनियापोलिसच्या संघानें मिळविलीं होतीं. वकिलीचें शिक्षण झालेल्या या मनुष्यानें पद स्वीकारतांना एक हट्ट धरला. तो म्हणजे चेंडूचा रंग बदलण्याचा. पिंगट चेंडू दिव्यांच्या उजेडांत दूरच्या प्रेक्षकांस नीट दिसत नाहीं. तेव्हां आपला चेंडू लाल, पांढरा व निळा असावा. जाणत्या लोकांनीं थट्टा केली. परंतु हवेंत गिरक्या घेत जाणारा तो तिरंगी चेंडू मुलांच्या मनांत असा भरला कीं, पुढें संस्था गेली तरी चेंडू गेला नाहीं.

दुसरी नवलाई नियमांत होती. ठराविक कमानीबाहेरून टाकलेला चेंडू रिंगमध्यें पडला तर दोनऐवजीं तीन गुण द्यावयाचे. ही कल्पना मूळची त्यांची नव्हे. १९६१ मध्यें एब सॅपरस्टीन यांनीं काढलेल्या एका अल्पायुषी संघटनेनें ती वापरली होती. ती संघटना दीड हंगामांतच मोडली. नव्या संस्थेनें ही टाकून दिलेली वस्तु उचलली आणि जपली. यामागील हिशेब साधा होता. उंच माणूस रिंगखालीं उभा राहून सामना जिंकतो. मग मध्यम उंचीच्या, पण अचूक नेमाच्या माणसानें काय करावें? तीन गुणांच्या रेषेनें त्याला खेळांत जागा करून दिली, आणि रिंगखालीं दाटलेली गर्दी मैदानभर पसरली.

१३ ऑक्टोबर १९६७ रोजीं ओकलंड येथें पहिला सामना झाला. यजमान संघानें अनाहाइमच्या संघाला १३४ विरुद्ध १२९ गुणांनीं हरविलें. आरंभीं अकरा संघ होते. परंतु विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, तशी त्यांपैकीं बहुतेकांची अवस्था झाली. ओकलंडचा संघ १९६९ मध्यें अजिंक्य ठरला आणि त्याच वर्षीं गांव सोडून वॉशिंग्टनला गेला. वर्षभरानें तेथूनही उठून व्हर्जिनियांत गेला, आणि तेथेंही एका शहराचा न राहतां चार शहरांतून फिरत राहिला. अकरांपैकीं आपलें ठाणें न सोडतां अखेरपर्यंत टिकले ते तीनच : इंडियाना, केंटुकी आणि डेन्व्हर.

दारिद्र्याची एक कथा सांगण्याजोगी आहे. पहिल्या हंगामाच्या अखेरीस न्यू जर्सी व केंटुकी या संघांची बरोबरी झाली व निर्णायक सामना न्यू जर्सीच्या घरीं ठरला. पण घरचें क्रीडागृह सर्कशीला दिलेलें! धांवाधांव करून लाँग आयलंडवरील दुसरी जागा मिळविली, तों तेथील जमिनीच्या फळ्या निखळलेल्या आणि पृष्ठभाग ओलसर. केंटुकीच्या मंडळींनीं खेळण्यास नकार दिला आणि मायकन यांनीं सामना त्यांना बहाल केला. मैदान नाहीं म्हणून हरलेला हाच संघ पुढें ‘न्यूयॉर्क नेट्स’ या नांवानें दोनदां अजिंक्य झाला, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे.

अशा संस्थेकडे खेळाडू कां गेले? कांहीं पैशासाठीं गेले, आणि कांहींना दुसरें दारच नव्हतें. कॉनी हॉकिन्स याचें उदाहरण घ्या. १९६१ सालीं महाविद्यालयीन सामन्यांतील सट्टेबाजीचें एक प्रकरण उघडकीस आलें. हॉकिन्सवर कोणताही आरोप कधीं ठेवला गेला नाहीं. पण संशयाचा डाग मात्र लागला आणि जुन्या संस्थेनें त्याला दार बंद केलें. नव्या संस्थेनें त्याला जागा दिली. पहिल्याच हंगामांत त्यानें पिट्सबर्गच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलें व सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला. त्यानें भरलेल्या दाव्यांत जुन्या संस्थेला १९६९ मध्यें तडजोड करून त्याला आंत घ्यावें लागलें.

स्पेन्सर हेवूडची गोष्ट याहून दूरगामी. शाळा सोडल्यावर चार वर्षें लोटल्याखेरीज कोणासही घ्यावयाचें नाहीं, असा जुन्या संस्थेचा दंडक होता. हेवूड गरीब घरचा; चार वर्षें बिनपगारी खेळणें त्याला परवडण्यासारखें नव्हतें. १९६९ मध्यें डेन्व्हरच्या संघानें त्याला घेतलें. पुढें तो जुन्या संस्थेंतील सिॲटलच्या संघाकडे गेला, तेव्हां प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचलें आणि १९७१ मध्यें निकाल त्याच्या बाजूनें लागला. कमावत्या वयाच्या मुलानें केव्हां कमवावें हें मालकांच्या मंडळानें ठरवूं नये, असें तत्त्व या निकालानें खेळाच्या व्यवहारांत आलें. १९७४ मध्यें मोझेस मलोन हा तर शाळेतून थेट युटाच्या संघांत दाखल झाला.

आणि मग ज्युलियस अर्व्हिंग. १९७१ मध्यें तो व्हर्जिनियाच्या संघांत आला व १९७३ मध्यें न्यूयॉर्ककडे गेला. उंच उडी घेऊन चेंडू वरून रिंगमध्यें दडपण्याची जी क्रिया, तिला डंक म्हणतात. महाविद्यालयीन सामन्यांत १९६७ पासून १९७६ पर्यंत ती निषिद्धच होती. म्हणजे जीं नऊ वर्षें नवी संस्था जगली, नेमकीं तींच. जें विद्यालयांत वर्ज्य तें येथें भूषण ठरलें. जानेवारी १९७६ मध्यें डेन्व्हर येथें या डंकची स्वतंत्र स्पर्धा भरविण्यांत आली. अर्व्हिंगनें मैदानाच्या दूरच्या टोंकाकडून धांव घेतली, रिंगमागील फळीपासून पंधरा फुटांवर असलेल्या फ्री-थ्रोच्या रेषेजवळून पाय उचलला आणि हवेंतून जाऊन चेंडू रिंगमध्यें घातला. डेव्हिड थॉम्पसनसारख्या प्रतिस्पर्ध्यावर त्यानें त्या दिवशीं मात केली.

परंतु हा उत्सव चालू असतांच घर कोसळत होतें. त्या हंगामाच्या तोंडावर बाल्टिमोरचा संघ एकही अधिकृत सामना न खेळतां मोडला, मागोमाग सॅन दिएगो व युटा गेले, सातच उरले. पुरेसे संघ नसल्यामुळें डेन्व्हरचा तो वार्षिक बहुमानाचा सामनादेखील यजमान संघ विरुद्ध इतर सर्व संघांतील निवडक खेळाडू असा खेळवावा लागला. मूळ रोग एकच होता. संस्थेला टेलिव्हिजनचा टिकाऊ राष्ट्रीय करार कधींच मिळाला नाहीं. देशांतील बहुसंख्य लोकांनीं अर्व्हिंगचें नांव ऐकलें होतें, त्याला खेळतांना पाहिलें नव्हतें. नऊ वर्षांत सात मुख्याधिकारी झाले. पण तिकिटांच्या उत्पन्नावर मोठे पगार भागवावयाचे कसे, हें कोडें एकालाही सुटलें नाहीं.

मग एकीकरण लौकर कां झालें नाहीं? येथें या इतिहासांतील मोठी मौज आहे. मालक १९७० मध्येंच एक होण्यास निघाले होते. त्यांना अडविलें तें खेळाडूंनीं, आणि तेही जुन्या संस्थेंतील खेळाडूंनीं. त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनीं एप्रिल १९७० मध्यें दावा लावला. त्यांचें म्हणणें असें कीं, दोन गिऱ्हाइकें आहेत तोंवर आमच्या कौशल्याला बाजारभाव आहे. एकच गिऱ्हाईक उरलें कीं तो म्हणेल ती किंमत. हा दावा १९७६ मध्यें तडजोडीनें मिटला व खेळाडूंना संघ बदलण्याचें पूर्वीपेक्षां अधिक स्वातंत्र्य मिळालें. त्यानंतरच एकीकरणाचा मार्ग मोकळा झाला.

१७ जून १९७६ रोजीं करार ठरला. व्हर्जिनियाचा संघ त्यापूर्वी थोडेच दिवस दिवाळखोरींत बुडाला आणि त्याला कांहींच मिळालें नाहीं. उरलेल्या सहांपैकीं डेन्व्हर, इंडियाना, सॅन अँटोनियो व न्यूयॉर्क या चौघांना प्रवेश मिळाला; प्रत्येकानें ३२ लक्ष डॉलर भरावयाचे होते. न्यूयॉर्कला त्याच शहरांतील जुन्या संघाच्या हद्दींत येण्याबद्दल आणखी ४८ लक्षांचा भुर्दंड पडला. तो भागविण्यासाठीं त्यांनीं अर्व्हिंगलाच ३० लक्ष डॉलरना फिलाडेल्फियाला विकलें. घरांत प्रवेश मिळाला, पण दिवा उंबरठ्याबाहेर ठेवावा लागला. केंटुकीच्या मालकानें ३० लक्ष घेऊन आपला संघ मोडला. सेंट लुईसच्या सिल्ना बंधूंनीं मात्र २२ लक्ष रोख घेतले, आणि शिवाय एक अट घातली : प्रवेश मिळालेल्या चार संघांना टेलिव्हिजनपासून जें उत्पन्न होईल त्याचा सातवा हिस्सा आम्हांला कायमचा मिळावा. त्या दिवशीं ही अट क्षुल्लक वाटली असावी. २०१४ पर्यंत तिनें त्यांना सुमारें ३० कोटि डॉलर मिळवून दिले; आणि तो हक्क बहुतांशीं संपविण्यासाठीं त्या वर्षीं जुन्या संस्थेला आणखी ५० कोटि मोजावे लागले.

पराभूत झालेल्या पक्षाचे विचार विजेत्यानें कसे आपलेसे केले, तें आतां पाहा. एकीकरणानंतरच्या पहिल्याच हंगामांत बहुमानाच्या सामन्यासाठीं निवडलेल्या २४ खेळाडूंपैकीं दहा जण मोडलेल्या संस्थेंतून आलेले होते. १९७९ मध्यें जुन्या संस्थेनें तीन गुणांची रेषा मैदानावर आंखली. १९८४ मध्यें तिनें डंकची स्पर्धा सुरू केली, आणि तीही डेन्व्हर येथेंच. तिरंगी चेंडूसुद्धां तिच्या तीन गुणांच्या फेकींच्या स्पर्धेंत परत आला.

परंतु कल्पना जगल्या म्हणजे माणसें जगलींच असें नाहीं. प्रत्येक संघांत एक अर्व्हिंग आणि दहा साधे खेळाडू असत. संघ मोडल्यावर हे दहा जण रोजगारासाठीं पांगले. जुन्या संस्थेंत पुरेशीं वर्षें खेळण्याची संधि न मिळाल्यामुळें तिच्या निवृत्तिवेतनावर त्यांचा हक्क बसला नाहीं. म्हातारपण आलें, गुडघे गेले, आणि ज्या खेळाच्या उत्पन्नाचे आंकडे अब्जांत मोजले जात होते त्याच्या वहींत यांचें नांव नव्हतें. इंडियानापोलिसमधील कांहीं सहृदय मंडळींनीं त्यांच्यासाठीं मदतनिधि उभारून दाद मागण्यास आरंभ केला. अखेर जुलै २०२२ मध्यें, म्हणजे एकीकरणानंतर ४६ वर्षांनीं, जुनी संस्था व तिच्या खेळाडूंची संघटना यांनीं मिळून सुमारें ११५ खेळाडूंसाठीं २ कोटि ४५ लक्ष डॉलरची तरतूद केली. तीन किंवा अधिक हंगाम खेळलेल्यांना, खेळलेल्या प्रत्येक हंगामामागें वर्षाला ३८२८ डॉलर. तोंवर त्यांच्यापैकीं कित्येक हें जग सोडून गेले होते.

एका कागदावर सिल्ना बंधूंचा आंकडा लिहावा आणि त्याखालीं हा दुसरा आंकडा लिहावा. त्या बंधूंना दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांनीं दूरवर पाहिलें आणि कराराच्या मेजावर आपली अट मांडली. मुद्दा एवढाच कीं, त्या मेजाभोंवतीं त्यांच्यासाठीं खुर्ची होती. मोडणाऱ्या संघांतील साध्या खेळाडूंसाठीं ती कोणी ठेवलीच नव्हती. कोणतीही संस्था मिटतांना तिची मालमत्ता वाटली जाते, देणीं फेडलीं जातात. पण जिनें तिला नांव दिलें ती मेहनत कोणाच्या खात्यावर जमा होते, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं.

पुढें कधीं आपल्या पाहण्यांत एखादा बास्केटबॉलचा सामना आला, आणि दूरच्या कमानीबाहेरून एखाद्या मध्यम उंचीच्या खेळाडूनें चेंडू टाकून तीन गुण मिळविले, तर त्या रेषेकडे क्षणभर पाहावें. ती आंखणारी संस्था आज नाहीं. ती जपून ठेवणारीं माणसें मात्र अलीकडेपर्यंत आपल्या नांवाची नोंद होण्याची वाट पाहत होतीं.