वादळी अपघातांतील दोष व मोटार विमा
वादळ, अतिवृष्टी, पूर, गारपीट किंवा वीज यांमुळे मोटार-वाहनाची अथवा वाहनामुळे इतरांची जी हानी होते, तिची भरपाई कोणी करावी, हा अपकृत्यांच्या कायद्यातील व विमाशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न. मनुष्याचा दोष कोठे संपतो आणि निसर्गाचा कोप कोठे सुरू होतो, हे ठरविणे हा या प्रश्नाचा गाभा होय. या सीमारेषेवर मृताच्या कुटुंबाची उपजीविका अवलंबून असते. ही रेषा गेल्या दीडशे वर्षांत सातत्याने निसर्गाच्या बाजूला सरकत गेली असून मनुष्याच्या दायित्वाचे क्षेत्र वाढले आहे.

पूर्वपीठिका : हा विचार भारतास नवा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनापासून होणाऱ्या इजेसंबंधी दहा अपवाद सांगितले आहेत. बैलाची वेसण तुटणे, जू, आस किंवा चाक मोडणे, दोर वा लगाम तुटणे इ. प्रसंगी आणि सारथ्याने ‘दूर व्हा’ अशी हाक दिली असता दंड होत नसे. मात्र सारथ्याच्या अकौशल्यामुळे वाहन भरकटून इजा झाल्यास दंड वाहनाच्या स्वामीस आणि सारथी कुशल असल्यास तो सारथ्यास होई. नोकराच्या चुकीबद्दल मालकाचे दायित्व या आधुनिक तत्त्वाचे बीज येथे दिसते. याज्ञवल्क्यस्मृतीत भारवाहकाने हरवलेल्या मालाची भरपाई करावी, परंतु राजामुळे किंवा दैवामुळे नाश झाला असल्यास करू नये, असा नियम आहे. मराठी महसुली व्यवहारातील ‘अस्मानी-सुलतानी’ ही जोडी याच कल्पनेची होय. अस्मानी म्हणजे अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट आणि सुलतानी म्हणजे राजकीय जुलूम वा स्वारी. अशा आपत्तीत रयतेस साऱ्यात सूट मिळावी, अशी अपेक्षा असे.

इंग्रजी कायद्यात हीच कल्पना ‘दैवी आपत्ती’ या बचावाच्या रूपाने आली. इंग्लंडमधील १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या निर्णयाने धोकादायक वस्तू बाळगणाऱ्यावर दोष नसतानाही दायित्व लादले. पुढे १८७६ मध्ये निकोल्स विरुद्ध मार्सलँड या खटल्यात असाधारण पावसाने कृत्रिम तलाव फुटून पूल वाहून गेले असता तलावाच्या मालकास दैवी आपत्तीच्या आधारे मुक्त करण्यात आले. परंतु १९१७ च्या ग्रीनॉक येथील प्रकरणात तशाच असाधारण पावसासंबंधी हा बचाव नाकारला गेला. हा बचाव टिकण्यास घटना केवळ नैसर्गिक असून भागत नाही. ती वाजवी दूरदृष्टीने ओळखता येण्याजोगी नसावी आणि वाजवी काळजीने टाळता येण्याजोगीही नसावी.

भारतातील कायद्याचा विकास : अपघातात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमान्वये दिवाणी दावा लावता येई, पण दोष सिद्ध करण्याचा भार वारसांवरच असे. १९३९ च्या मोटार-वाहन अधिनियमाने त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला व ही तरतूद १ जुलै १९४६ पासून अंमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापण्याची सोय झाली. वर्धा जिल्हा त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. १९७२ च्या अधिनियमान्वये सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन १ जानेवारी १९७३ पासून हा व्यवसाय चार शासकीय कंपन्यांकडे आला. पुढे २००० नंतर खाजगी कंपन्यांनाही त्यात प्रवेश मिळाला.

न्यायाधिकरणे आली, तरी दोषाची अट कायम होती. मिनू मेहता प्रकरणात (१९७७) सर्वोच्च न्यायालयाने चालकाची हयगय सिद्ध झाल्याशिवाय मालक व विमाकंपनी जबाबदार ठरत नाहीत, असे म्हटले. रात्रीच्या वादळात घडलेल्या अपघाताला बहुधा साक्षीदार नसतो. त्यामुळे हा नियम विधवा व अनाथांच्या दृष्टीने कठोर होता. एन. के. व्ही. ब्रदर्स प्रकरणात (१९८०) एक प्रवासी बस अंधार पडल्यावर लोंबणाऱ्या उच्चदाबाच्या विद्युत् तारेला लागून आठ जण जागीच मृत्यू पावले होते. दैवी आपत्ती म्हणून फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला. तथापि तो निकाल भरपाईच्या दाव्यास बंधनकारक नाही आणि किरकोळ संशयाचा लाभ देऊन मालकास मोकळे सोडू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली.

यानंतर विधिमंडळानेच मार्ग बदलला. १ ऑक्टोबर १९८२ पासून दोषनिरपेक्ष दायित्वाचे तत्त्व लागू होऊन मृत्यूसाठी १५,००० रु. व कायम अपंगत्वासाठी ७,५०० रु. अशी निश्चित भरपाई ठरली. १९८८ च्या अधिनियमात ती अनुक्रमे २५,००० व १२,००० रु. आणि १९९४ मध्ये ५०,००० व २५,००० रु. झाली. १९९४ मध्येच उत्पन्न व वय यांवर आधारित सूत्राने भरपाई देणारे कलम १६३-क आले. २०१९ च्या दुरुस्तीने या तरतुदी बदलल्या. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६४ अन्वये मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी २·५ लाख रु. भरपाई हयगय सिद्ध न करता मिळते. त्याहून अधिक रक्कम हवी असल्यास कलम १६६ खाली दोष सिद्ध करावा लागतो.

दैवी आपत्तीचा संकोच : पुढचा टायर फुटून जीप उलटली व पादचारी मृत्यू पावला, अशा कौशनुमा बेगम प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने हयगय नसतानाही रायलँड्सच्या तत्त्वानुसार भरपाईचा हक्क मान्य केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये टायर फुटणे ही दैवी आपत्ती नव्हे, असा निर्णय दिला. मध्य प्रदेशातील एका प्रकरणात रात्री पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वार मृत्यू पावला. तेथेही २००२ मध्ये वीजमंडळावर दोषनिरपेक्ष दायित्व ठेवण्यात आले.

झाडे कोसळून होणाऱ्या अपघातांत मात्र कायदा अधिक सावध आहे. राजकोट येथे रस्त्यालगतचे झाड अचानक पडून पादचारी मृत्यू पावला असता सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महानगरपालिकेला जबाबदार धरले नाही. याउलट दिल्लीत वाळलेल्या झाडाची फांदी पडून स्कूटरस्वाराचा मृत्यू झाला, तेव्हा १९९९ मध्ये महानगरपालिका दोषी ठरली. निरोगी झाड पडेल हे कोणी सांगू शकत नाही. वाळलेले झाड मात्र पाहणाऱ्यास दिसते. मुंबईत घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी धुळीच्या वादळात पेट्रोलपंपावर जाहिरातफलक कोसळून १७ जण मृत्यू पावले व अनेक वाहने दबली. घटना दैवी आपत्ती असल्याचा बचाव न्यायालयात मांडण्यात आला. परंतु ४० × ४० फूट मर्यादेऐवजी फलक १२० × १२० फूट होता, ही वस्तुस्थिती वाऱ्याकडे बोट दाखवून झाकता येण्याजोगी नव्हती.

विमापत्राचे स्वरूप : सक्तीचा विमा फक्त त्रयस्थ पक्षापुरता असतो. उभ्या मोटारीवर झाड पडले किंवा गारांनी काच फुटली, तर त्या विमापत्रातून मालकास काहीही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या वाहनाच्या हानीचा समावेश असलेले सर्वसमावेशक विमापत्र लागते. त्यात आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, चक्रीवादळ, जलप्रलय, गारपीट, दरड कोसळणे इ. जोखमी येतात व दोष कोणाचा हे सामान्यतः पाहिले जात नाही. मात्र घसारा, यांत्रिक बिघाड व आनुषंगिक हानी वगळलेली असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस पडला. असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. पाण्यात बुडालेले एंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने ते निकामी झाले, तर ती पुराची हानी की मालकाच्या कृतीचा परिणाम, हा वाद अशा प्रसंगी उद्भवतो. स्वतः वाहन चालविणारा मालक त्रयस्थ ठरत नाही. त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा २०१८ पासून विहित आहे.

वर्धा जिल्ह्यातील संदर्भ : वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वादळी वारे, विजा व कधी गारपीट होते, पावसाळ्यात वर्धा, वणा, धाम, बोर इ. नद्या व त्यांना मिळणारे नाले फुगतात. जाम व हिंगणघाटवरून जाणारा नागपूर–हैदराबाद महामार्ग व ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा खुला झालेला समृद्धी महामार्ग यांमुळे जिल्ह्यातून वेगवान वाहतूक चालते. येथील दावे वर्धा येथील न्यायाधिकरणापुढे व त्यांवरील अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालतात. अशा दाव्यांत विचारात घ्यावयाच्या बाबी पुढीलप्रमाणे होत : पुलावरून पाणी वाहत असता चालकाने वाहन पाण्यात घातले काय, दृश्यमानता कमी झाल्यावर त्याने वेग आवरला काय, बंद पडलेल्या मालमोटारीमागे इशाऱ्याचे दिवे होते काय, आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने पूर्वसूचना दिली होती काय. पुराच्या पाण्यात जाणूनबुजून घातलेले वाहन वाहून गेल्यास नदीला दोष देता येत नाही. तसेच वादळाचा इशारा आधी मिळाला असेल, तर ते अनपेक्षित होते असे म्हणणे कठीण जाते. हवामानशास्त्राची प्रत्येक प्रगती दैवी आपत्तीच्या बचावाला तितकीच आखूड करीत असते.

मूल्यमापन : दोष कोणाचा व हानी कोणी सोसावी, हे दोन प्रश्न आधुनिक कायद्याने परस्परांपासून अंशतः वेगळे केले आहेत. पहिल्याचे उत्तर पुराव्यावर अवलंबून असते, तर दुसऱ्याचे समाजाने जोखीम कशी वाटून घ्यावी या धोरणावर. निश्चित भरपाईची रक्कम किमान आधार देते; पूर्ण हानी भरून काढीत नाही. पूर्ण भरपाईसाठी वारसांना आजही दोष सिद्ध करावा लागतो. विमा न उतरविलेल्या वाहनाच्या बाबतीत तर हुकूम मिळूनही वसुली मालकाच्या ऐपतीवरच ठरते. म्हणून विमापत्र मुदतीत नूतनीकृत करणे हे मालकाचे केवळ कायदेशीर बंधन नसून, रस्त्यावरील अनोळखी माणसाप्रत असलेले त्याचे कर्तव्य होय.