सार्वजनिक सोयी आणि तृतीयपंथी : एक धावता इतिहास

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना सामाईक संडासापुढची रांग काय असते हे सांगायला नको. घराबाहेर पडल्यावर बाईमाणसाची होणारी कुचंबणाही सांगायला नको. लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला निघताना पाणी बेतानेच प्यायचे, ही सवय आपल्यापैकी कित्येकींची अजून सुटलेली नाही. २०१६ साली जुन्या बसगाड्यांत स्त्रियांसाठी ‘ती’ नावाची स्वच्छतागृहे पुण्यात सुरू झाली, तेव्हा केवढे कौतुक झाले! एवढ्या मोठ्या शहरात ती कौतुकाची गोष्ट ठरावी, यातच सारे आले.

पण आपली अडचण दार दूर असल्याची किंवा आत पाणी नसल्याची. दोन दारांपैकी आपले कोणते, हाच प्रश्न ज्यांच्यापुढे उभा राहतो, त्या तृतीयपंथीयांचे काय? सणासुदीला दारी आले तर आपण त्यांच्या हातावर पैसे ठेवतो, पण त्यापलीकडे त्यांची विचारपूस आपल्या मंडळींत फारशी झालेली नाही. म्हणून सरकारने त्यांच्याविषयी वेळोवेळी काय ठरविले, ते येथे थोडक्यात मांडते.

मराठी अमलात तृतीयपंथीयांना काही ठिकाणी गावच्या उत्पन्नातून ठराविक हक्क मिळत, क्वचित जमिनीही मिळत, असे जुन्या कागदांवरून संशोधकांनी दाखविले आहे. याचा अर्थ त्या काळी त्यांना मानाचे पान होते असा नव्हे. मात्र गावगाड्यात त्यांची जागा धरलेली होती. इंग्रजी अमल आल्यावर मुंबई सरकारने इनामांची झडती सुरू केली. १८५२ च्या अकराव्या कायद्यात सार्वजनिक सभ्यतेला बाध आणणारे हक्क पुढे चालू ठेवू नयेत असे कलम होते, आणि सभ्यता कशाला म्हणायचे ते अर्थातच साहेब ठरविणार होता.

उत्तरेकडे तर याहून कडक कायदा आला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आपण ऐकलेला असतो, पण त्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांविषयी होता हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांची नोंदवही ठेवायची, आणि नोंद झालेली व्यक्ती बायकी वेषात वा दागिने घालून रस्त्यावर दिसली तर वॉरंटावाचून पकडायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत! हा कायदा प्रथम वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब येथे लागू झाला. निजामाच्या राज्यातही १९१९ साली अशाच धर्तीचा कायदा झाला. तो तेलंगण उच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा २०२३ साल उजाडले होते. मनाई लिहिताना सरकारने लुगडे, बांगडी, नाचगाणे सारे कसे तपशिलाने लिहिले होते, ते वाचून थक्क व्हायला होते. येथे शौचालयाची गोष्टच नव्हती. रस्ता ही पहिली सार्वजनिक सोय, तीच त्यांना बंद होती.

सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न आपल्या प्रांताला नवा नाही. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच शहरात. पुढे १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे कागदोपत्री खुलेही केले. पण पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले, आणि त्यानंतरचा कोर्टातला वाद उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला. ठराव आणि पाणी यांत किती अंतर पडते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

तृतीयपंथीयांच्या बाबतीत असा ठराव १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने झाला म्हणता येईल. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी त्या खटल्यात आपली बाजू मांडली होती. न्यायमूर्ती राधाकृष्णन व न्यायमूर्ती सिक्री यांनी स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला, आणि रुग्णालयात उपचार व स्वतंत्र सार्वजनिक शौचालये यांची तजवीज सरकारांनी करावी असे सांगितले. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात महाराष्ट्रातील ४०,८९१ माणसे नोंदली गेली होती. म्हणजे प्रश्न चार-दोघांचा नव्हता.

येथून पुढे सरकारी धोरणाची थोडी गंमतच झाली. न्यायालय म्हणाले, स्वतंत्र शौचालये बांधा. एप्रिल २०१७ मध्ये केंद्राच्या स्वच्छता खात्याने ग्रामीण भागासाठी सूचना काढली, की तृतीयपंथी व्यक्तीला स्त्रियांच्या वा पुरुषांच्या, स्वतःला योग्य वाटेल त्या शौचालयात जाऊ द्यावे. त्याच वर्षी भोपाळात खास त्यांच्यासाठी शौचालय उघडले गेले. २०१९ च्या कायद्याने सार्वजनिक सोयींत भेदभाव करण्यास मनाई केली, आणि २०२० च्या नियमांनी रुग्णालयांतील स्वतंत्र कक्ष व स्वच्छतागृहे यांसाठी दोन वर्षांची मुदत घातली. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात असा कक्ष २०२३ साली सुरू झाला.

वेगळे की सामाईक? वेगळ्या दारात निवांतपणा मिळतो हे खरे. पण शहरभर किती ठिकाणी ते बांधणार? शिवाय त्या दाराशी गेले की चारचौघांत ओळख जाहीर होते, ती प्रत्येकाला हवी असेलच असे नाही. उलट सामाईक दार म्हटले की आपल्याच भगिनी कुरकुरतात, आणि त्या कुरकुरीला मी हसणार नाही. अंधारात परक्याची भीती वाटणे हा बायकांचा अनुभव आहे, कल्पना नव्हे. परंतु नीट पाहिले तर ही भीती मोडक्या कडीची, फुटलेल्या दिव्याची आणि जागेवर नसलेल्या रखवालदाराची आहे. तृतीयपंथी व्यक्तीला पुरुषांच्या बाजूला जाताना नेमकी हीच भीती वाटते. जमिनीपर्यंत दार, आतून घट्ट बसणारी कडी, दिवा आणि पाणी असलेली एकेकट्याची खोली असेल, तर बाहेर कोणती पाटी लावली आहे याने फारसे बिघडत नाही.

आपल्या पेठेतील स्वच्छतागृहांबद्दल मंडळातर्फे महापालिकेला अर्ज करायचा झाला, तर कडी, दिवा व पाणी यांच्याबरोबर अशा एका खोलीची मागणीही त्यात घालावी, असे मला वाटते. सोबत आणखी एक ओळ असावी : तृतीयपंथी व्यक्ती आली असता तिला कोठे जाऊ द्यावे, याची लेखी सूचना तेथील रखवालदाराला द्यावी. आजवर ते त्या वेळी गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या मर्जीवरच राहिले आहे.