सालदाराचा करार: शहाद्यातील श्रमिक आणि ‘मनुष्यबळ’ या शब्दाचा इतिहास

१/१३
अक्षय तृतीया म्हणजे खान्देशातील आखाजी. माहेरवाशिणींच्या झोक्यांचा आणि गाण्यांचा हा सण. परंतु याच दिवशी शेतमजुराच्या वर्षाचाही फैसला होत असे. जुने साल संपे, नवे सुरू होई. सालदार कोणाच्या शेतावर राबणार आणि किती धान्यावर, किती पैशांवर, हे आखाजीला ठरे.

२/१३
नेमणूक, मुदत, वेतन, रजा, तक्रार: आज मनुष्यबळ विभागाच्या कक्षेत येणारे हे सारे विषय सालदारकीतही होते. नव्हता तो फक्त कागद. हिशेब मालकाच्या वहीत असे आणि आगाऊ घेतलेली ‘उचल’ फिटली नाही, तर सालदार पुढील वर्षासाठीही त्याच दाराशी बांधला जाई.

३/१३
गोमाई आणि तापीच्या काठावरील शहादा तालुक्याची काळी जमीन कसदार. पूर्वी खान्देश, नंतर धुळे आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार, असा जिल्हा बदलत गेला. सावकारी कर्जापायी येथील अनेक भिल्ल कुटुंबांच्या हातून जमीन गेली. कालचा खातेदार आपल्याच शेतात सालदार झाला.

४/१३
सालदारकीचे हे चित्र समजून घेण्यासाठी त्याच काळातील मुंबईकडे पाहावे लागते. गिरण्यांमध्ये कामगारभरती ‘जॉबर’च्या हाती होती. नोकरी देणारा तोच, काढणारा तोच आणि दस्तुरी उकळणाराही तोच. १९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली आणि गिरण्यांनी कामगार अधिकारी नेमावेत, असे सुचविले.

५/१३
भारतातील मनुष्यबळ व्यवसायाच्या मुळांपैकी एक महत्त्वाचे मूळ येथे आहे. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. क्लिफर्ड मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला.

६/१३
या पदात आरंभापासून एक पेच होता. अधिकाऱ्याचा पगार मालक देणार आणि गाऱ्हाणे मात्र त्याने कामगाराचे ऐकायचे. तरीही ऐकण्यासाठी नेमलेला कोणीतरी तेथे होता. शेताच्या बांधावर तोही नव्हता. १९४८ चाच किमान वेतन कायदा शेतमजुरालाही लागू होऊ शकत होता. पण तो सांगायला सालदाराच्या झोपडीपर्यंत कोण जाणार?

७/१३
या भूमीला आत्मसन्मानाची परंपरा होती. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा भागात गुला महाराजांनी ‘आप’ चळवळ उभी केली. दारू सोडावी, स्वच्छ राहावे आणि परस्परांना ‘आप’ म्हणावे, हा तिचा उपदेश. ज्यांना आयुष्यभर ‘अरे’ ऐकावे लागले, त्यांनी एकमेकांना आदरार्थी हाक मारणे ही लहान गोष्ट नव्हती.

८/१३
त्याच वाटेने पुढे आले अंबरसिंग सुरतवंती. स्वतः भिल्ल, शिकलेले, सर्वोदयी विचारात घडलेले. लोक त्यांना ‘महाराज’ म्हणत. हाती अधिकारपद नसताना ते गावोगाव बसून मजुरांची गाऱ्हाणी ऐकत. कोणाची मजुरी थकली, कोणाला मारहाण झाली, कोणाची जमीन गेली, याचा माग घेत.

९/१३
मे १९७१ मध्ये तालुक्यातील पाटीलवाडी येथे धान्यासाठी आलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि एकाचा बळी गेला. परिसर हादरला. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्यात भू-मुक्ती मेळावा भरला. शहरांतून आलेले तरुण कार्यकर्ते स्थानिक आदिवासींना येऊन मिळाले आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली.

१०/१३
आता आखाजीचा करार एकट्या सालदाराचा राहिला नाही. वेतनवाढीची मागणी एकत्र होऊ लागली. १९७२ च्या भीषण दुष्काळात रोजगाराचा प्रश्न तीव्र झाला. स्त्रियांनी शिबिरांतून घरातील मारहाणीचा विषय मांडला आणि गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. मजुराचे दुःख मजुरीपुरतेच नसते, हे त्यांनी दाखवून दिले.

११/१३
१९७४ साली अंबरसिंग यांचे अकाली निधन झाले. त्यानंतर लवकरच अन्यसंक्रामित जमिनी आदिवासींना परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा आणि १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा आला. या कायद्यांचे श्रेय एकट्या शहाद्याचे नव्हे. मात्र त्यांचा अर्थ येथील माणसांना आधीच ठाऊक होता. तो त्यांनी स्वतःच्या हिशेबातून शिकला होता.

१२/१३
चळवळीने स्वतःच्या नेतृत्वालाही प्रश्न विचारला. श्रमिक संघटनेत घडलेले आदिवासी कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता प्रसिद्ध आहे. आदिवासींच्या दुःखाविषयी इतरांनीच बोलत राहावे, या रीतीवर तिने बोट ठेवले. ऐकून घेणे ही नेतृत्वाची पहिली पायरी. बोलण्याची जागा मोकळी करून देणे ही दुसरी आणि अधिक अवघड.

१३/१३
गिरणीतील जॉबर इतिहासजमा झाला. सातपुड्यातून ऊसतोडीला निघणारी टोळी मात्र आजही मुकादमाकडून उचल घेऊनच निघते. मनुष्यबळ व्यवस्थापनात कारकीर्द घडवू पाहणाऱ्या तरुणांसाठी हा इतिहास म्हणूनच जुना झालेला नाही. अंबरसिंग यांच्यापाशी ना पदवी होती या विषयाची, ना दालन. त्यांच्यापाशी माणसे येत. कारण आपले म्हणणे येथे ऐकले जाईल, याची त्यांना खात्री असे.