वाचाशिक्षण आणि इयत्तेचा अभ्यासक्रम : कर्णबधिरांच्या शिक्षणातील एक जुना पेच

कर्णबधिरांच्या शिक्षणाच्या इतिहासात १८८० हे वर्ष निर्णायक मानले जाते. त्या वर्षी मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने वाणी ही खुणांहून निर्विवाद श्रेष्ठ ठरविली आणि शुद्ध मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला. मत देणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ कोणी नव्हतेच, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

त्यापूर्वीची परंपरा निराळी होती. अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे ह्यांनी खुणांनाच अध्यापनाचे माध्यम केले. त्यांनी स्थापिलेल्या शाळेत शिकलेला लॉरां क्लेर तेथेच शिक्षक झाला आणि पुढे १८१७ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्डच्या शाळेचा एक संस्थापक ठरला. बोलता येत नाही म्हणून त्याची विद्या अडली नाही.

मिलाननंतर क्रम उलटला. आधी उच्चार व ओष्ठवाचन, मग गणित आणि भूगोल. वास्तविक प, ब आणि म हे वर्ण ओठांवर सारखेच दिसतात. त्यांतील भेद कंठात आणि नासिकेत घडतो. जो भेद डोळ्यांना अगोचर, तो घोटून घेण्यात मुलांचे तासन् तास गेले आणि तेवढा वेळ अभ्यासक्रमातून वजा झाला. उणीव भरून काढण्यासाठी योजिलेला उपचारच अभ्यासक्रम होऊन बसला. रूबेन कॉनरॅड ह्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधील शाळा सोडणाऱ्या, पंधरा-सोळा वर्षांच्या कर्णबधिर मुलांची वाचनक्षमता साधारणतः ९ वर्षांच्या मुलाइतकीच आढळली.

तथापि इयत्तेचा निकष लावला की पेच सुटतो, असेही नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना सुयोग्य शिक्षणाचा हक्क दिला. १९८२ च्या रौली खटल्यात एका कर्णबधिर मुलीसाठी वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी मागण्यात आला होता. वर्गातील बोलण्याचा मोठा भाग तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. पण ती वर्षागणिक वरच्या इयत्तेत जात होती, ह्यावर भर देऊन सर्वोच्च न्यायालयाने मागणी फेटाळली. उत्तीर्ण होणे हेच साहाय्य नाकारण्याचे कारण ठरावे, हा विपर्यासच म्हणावा लागेल. मुलाच्या परिस्थितीस अनुरूप, परंतु महत्त्वाकांक्षी प्रगतीची अपेक्षा त्याच न्यायालयाने धरली ती २०१७ मध्ये, एका स्वमग्न मुलाच्या खटल्यात.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने मूळ गोंधळ अन्यत्र आहे. विल्यम स्टोको ह्यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेची घटकरचना दाखवून दिली, तेव्हापासून खुणा म्हणजे भाषेची उणीव हे गृहीतक टिकण्याजोगे राहिले नाही. माध्यम आणि उपचार ह्यांची गल्लत झाली, म्हणून वाचाशिक्षणास इयत्तेचे तास द्यावे लागले. मिलानचे ठराव अशाच परिषदेने व्हँकुव्हर येथे नाकारले, तेही २०१० मध्ये. भारतात मुंबईची शाळा १८८५ मध्ये, म्हणजे मिलाननंतर पाचच वर्षांनी निघाली. पहिली ते बारावीची पाठ्यपुस्तके भारतीय सांकेतिक भाषेत आणण्याचा राष्ट्रीय पातळीवरील करार मात्र २०२० मध्ये झाला.