पेसमेकरला चढण कळते का?

एकवीरा आईचं दर्शन असो, भाजे लेणी असोत की लोहगड, मावळात पायऱ्या काही चुकत नाहीत. अशी चढण चढताना निरोगी माणसाचे ठोके मिनिटाला 70 वरून सहज 110-120 पर्यंत जातात. ज्यांचं हृदय स्वतःहून हा वेग वाढवू शकत नाही, त्यांच्यासाठी 'रेट-रिस्पॉन्सिव्ह' पेसमेकर असतो.

हा पेसमेकर वेगळा कसा?

साधा पेसमेकर ठोके ठरावीक आकड्याखाली जाऊ देत नाही. रेट-रिस्पॉन्सिव्ह पेसमेकर सेन्सरच्या मदतीने गरजेनुसार वेग वाढवतो. किमान आणि कमाल वेग, उदाहरणार्थ 60 आणि 120, डॉक्टर ठरवतात.

सेन्सर नेमकं काय मोजतो?

*हालचाल:* मोबाइलमध्ये पावलं मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, तसाच इथेही असतो. सपाट रस्त्यावर चालायला लागताच तो लगेच प्रतिसाद देतो. पण त्याला हालचाल कळते, श्रम नाही. चढताना पावलं संथ पडतात, उतरताना शरीर जास्त हलतं. त्यामुळे काही वेळा चढण्यापेक्षा उतरतानाच ठोके जास्त वाढतात. सायकल चालवताना छाती स्थिर असते, म्हणून वेग कमी पडू शकतो. उलट खडबडीत रस्त्यावर गाडीत नुसतं बसूनही तो वाढू शकतो.

*श्वास:* काही पेसमेकर छातीतल्या विद्युत रोधातल्या बदलावरून श्वासाचा वेग आणि खोली ओळखतात. चढण आणि सायकलिंगला हे जास्त उपयोगी, मात्र सुरुवातीला प्रतिसाद थोडा उशिरा मिळतो. म्हणून काही उपकरणांत दोन्ही सेन्सर असतात.

सगळ्यांनाच याची गरज असते का?

नाही. काहींच्या हृदयाचा नैसर्गिक वेग व्यवस्थित वाढतो, फक्त तो संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही. अशांच्या बाबतीत दोन कप्प्यांचा पेसमेकर हृदयाच्या स्वतःच्या तालामागे चालतो.

चढताना दम लागत असेल तर?

त्याचा अर्थ पेसमेकर बिघडला असाच नाही. सेन्सरची संवेदनशीलता आणि कमाल वेग शस्त्रक्रियेशिवाय, बाहेरून प्रोग्रामरने बदलता येतो. डॉक्टर रुग्णाला चालायला किंवा जिना चढायला लावून ठोके तपासतात. म्हणून तपासणीला जाताना 'थकवा येतो' एवढंच सांगू नका. कितव्या पायरीला दम लागतो, उतरताना किंवा गाडीत धडधडतं का, हेही सांगा.

छातीत दुखलं, चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.