अँबॅसडरच्या इंजिनातील तीन द्वारे

1489 घन सेंटीमीटरचे एकच इंजिन दोन अगदी भिन्न गाड्यांच्या वाट्याला आले. ब्रिटनमध्ये 1955 साली ते एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये बसले. काही वर्षांतच पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्यात ते हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसडरमध्ये आले. एमजीएला त्यातून सुमारे 70 अश्वशक्ती मिळे, अँबॅसडरला 50 च्या आसपास. हा फरक एकट्या एक्झॉस्टचा नव्हे. एमजीएला दोन कार्ब्युरेटर होते. तरीही जुन्या अँबॅसडरला हेडर, म्हणजे ओतीव मॅनिफोल्डऐवजी पोलादी नळ्यांचा संच, बसवू पाहणाऱ्याचे लक्ष त्या फरकाकडे जातेच.

बीएमसीच्या या इंजिनाला सिलिंडर चार, पण धूर बाहेर सोडणारी द्वारे तीनच. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे द्वार सामाईक. ही काटकसर वाटते तितकी घातक नाही. प्रज्वलनाचा क्रम 1-3-4-2 असल्याने हे दोन सिलिंडर 720 अंशांच्या चक्रात बरोबर 360 अंशांच्या अंतराने पेटतात आणि त्यांचे धूर एकमेकांना आडवे येत नाहीत. पहिला व चौथा यांचेही तसेच. म्हणून चांगल्या हेडरमध्ये कडेच्या दोन नळ्या आधी जुळतात, मधली लांबवर स्वतंत्र जाते आणि मगच सारे एकत्र येते.

झडप उघडताच दाबाची लहर नळीत धावते. नळी जेथे रुंद होते तेथून ऋण दाबाची लहर माघारी फिरते. ती योग्य क्षणी पोहोचली, तर उरलासुरला धूर ओढून काढते. तप्त धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला 550 मीटर धरल्यास 80 सेंटीमीटर नळीतून जाऊन येण्यास सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. मिनिटाला 5000 फेऱ्या असताना तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट सुमारे 87 अंश फिरतो, 2000 फेऱ्यांवर जेमतेम 35. एका वेगाला साधलेली नळी दुसऱ्या वेगाला बेताल ठरते. अँबॅसडरचे बहुतेक आयुष्य खालच्या फेऱ्यांतच गेले (साहेबांच्या गाडीला घाई कसली!), त्यामुळे तिला जाड नळ्या लावल्याने वाढतो तो मुख्यतः आवाज.

खरी अडचण बसवताना येते. या इंजिनात इंधनमिश्रण आत नेणारा मॅनिफोल्ड व एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर असतात आणि मोठे वॉशर दोन्हींच्या फ्लँजना एकत्र दाबून धरतात. नव्या हेडरची फ्लँज जाडीने कमी-अधिक असली, की वॉशर तिरपा बसतो, फटीतून हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. जाणता मेकॅनिक म्हणून आधी दोन्ही फ्लँजची जाडी मोजतो. नळीच्या लांबीचा विचार त्यानंतर.